कलेचा तास सक्तीचा हवा, पण सक्ती कोणावर?

शाळेत कला सक्तीची करा म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात. चित्र काढायला, गायला, नाटकात उभं राहायला कुणाला भाग कसं पाडायचं? ते आतून यायला हवं, असं म्हणून विषय मिटवला जातो. गणिताच्या बाबतीत हा प्रश्न कुणाला पडत नाही. बीजगणिताची आतून ओढ असलेली मुलं वर्गात दोन-चारच असतात, तरी ते सगळ्यांना शिकवतात आणि योग्यच करतात. ओढ आहे की नाही हे कळायलाही आधी ओळख व्हावी लागते.

माझ्या मते माध्यमिक शाळेतल्या कलेच्या सक्तीचा खरा भार शाळेवर पडतो, मुलांवर जेमतेम. विषय ऐच्छिक असला की शिक्षक नेमला नाही तरी चालतं, खोली दिली नाही तरी चालतं, परीक्षा जवळ आल्यावर तास दुसऱ्या विषयाला देऊन टाकला तरी कुणी विचारत नाही. सक्तीचा झाला की या सगळ्याचा जाब मागता येतो. मुलाला त्या तासाला हजर राहायचं आहे, बघायचं आहे, करून पाहायचं आहे. ते आवडलंच पाहिजे अशी सक्ती कुणी करू शकत नाही आणि करूही नये.

ऐच्छिक ठेवण्यात एक अन्याय लपलेला असतो. ज्या घरात वाद्य आहे, पुस्तकं आहेत, सुट्टीत संग्रहालय बघायची रीत आहे, त्या घरातली मुलं कला शाळेबाहेर शिकतातच. बाकीच्यांच्या वाट्याला ती आलीच तर शाळेतून येणार. शाळेने हात झटकले की या मुलांबद्दल पुढे सहज म्हटलं जातं, ‘त्यांना आवडच नाही.’ त्यांना ती भेटली कधी, हे कुणी बघत नाही.

ही सक्ती काही आजची टूम नव्हे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १८७० मध्ये कायदा करून सार्वजनिक शाळांत रेखाटन सक्तीचं केलं आणि १०,००० हून जास्त वस्तीच्या गावांनी १५ वर्षांवरच्या लोकांसाठी औद्योगिक रेखाटनाचे मोफत वर्ग चालवावेत, असंही त्यात घातलं. त्यामागे कारखानदार होते. युरोपातला माल नक्षीकामात आणि घडणीत सरस ठरत होता आणि चांगलं रेखाटू शकणारे कारागीर त्यांना हवे होते. इंग्लंडहून वॉल्टर स्मिथ या कलाशिक्षकाला बोलावण्यात आलं. त्यांच्या पद्धतीत सरळ रेषेपासून सुरुवात, मग भौमितिक आकार, मग नमुन्याबरहुकूम नक्कल, अशी पायरीपायरीने चढण होती. हेतू कारखान्याचा होता, तशीच पद्धत आली. सक्ती कशासाठी करतोय हे ज्या त्या व्यवस्थेने आधी नीट ठरवलं पाहिजे, कारण तासाला काय होणार ते त्यावरच ठरतं.

आज या प्रश्नाचं एक सोपं उत्तर दिलं जातं: कलेमुळे गणितातले गुण वाढतात. या उत्तराचा मला मनापासून राग येतो. १९९३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा प्रयोग छापून आला. ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टची एक रचना दहा मिनिटं ऐकवली, आणि त्यानंतर लगेच घेतलेल्या अवकाशीय तर्काच्या, म्हणजे आकार मनातल्या मनात हाताळून पाहण्याच्या, चाचणीत त्यांची कामगिरी थोडी सुधारली. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. यातून ‘संगीताने मुलं हुशार होतात’ अशी समजूत जगभर पसरली, आणि त्या प्रयोगात एकही शाळकरी मूल नव्हतं हे विसरलं गेलं. ‘ओईसीडी’ या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेने २०१३ मध्ये तोवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. संगीतशिक्षणाचा बुद्ध्यंकावर आणि वर्गातल्या नाट्याचा भाषिक कौशल्यावर काही परिणाम दिसतो, बाकी दाव्यांना पुरावा तुटपुंजा आहे, असं त्यात निघालं. गणिताच्या गुणांसाठी चित्रकला शिकवायची असेल तर गणिताचा तास वाढवणं केव्हाही परवडेल. कला शिकवायची ती कलेतूनच येणाऱ्या गोष्टींसाठी. बारकाईने बघणं, हाताने एखादी गोष्ट घडवताना ती तीन वेळा बिघडली तरी सोडून न देणं, दुसऱ्याने केलेल्या कामासमोर थांबून त्याने असं का केलं असेल याचा विचार करणं, या त्या गोष्टी.

याचा पुरावा मात्र मिळतो. अमेरिकेत आर्कान्सा राज्यात २०११ मध्ये क्रिस्टल ब्रिजेस नावाचं कलासंग्रहालय उघडलं. शाळांच्या मोफत सहलींसाठी इतके अर्ज आले की चिठ्ठ्या टाकून गट निवडावे लागले. संशोधकांनी या सोडतीचा फायदा घेतला आणि गेलेल्या व न गेलेल्या, मिळून १२३ शाळांतल्या जवळजवळ ११,००० मुलांची तुलना केली. सहल साधारण तासाभराची होती आणि तेवढ्या वेळात पाचेक चित्रांसमोर थांबून चर्चा व्हायची. काही आठवड्यांनी मुलांना कधीही न पाहिलेलं चित्र दाखवून त्याबद्दल लिहायला सांगितलं, तेव्हा जाऊन आलेल्या मुलांच्या लिखाणात निरीक्षण आणि तर्क दोन्ही सरस होते. खेड्यातल्या आणि गरीब वस्तीतल्या शाळांच्या मुलांमध्ये हा फरक सगळ्यात मोठा होता. म्हणजे आपणहून जाणार नसलेल्यांनाच जास्त मिळालं. सक्तीच्या बाजूने याहून भक्कम मुद्दा मला ठाऊक नाही.

आता माध्यमिकच का, ते पाहू. लहान मूल चित्र काढताना कचरत नाही. अकरा-बाराव्या वर्षाच्या आसपास मात्र त्याची नजर हाताच्या पुढे निघून जाते. चित्रातला हात खऱ्या हातासारखा दिसत नाही हे त्याला आता कळतं, पण तो तसा काढायचा कसा हे येत नाही. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी मुलांच्या चित्रांचे जे टप्पे मांडले, त्यात हे वय वास्तवाच्या ओढीचं आणि म्हणूनच स्वतःच्या चित्रावर नाराज होण्याचं आहे. ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य बहुतेकांच्या तोंडी याच वयात येतं आणि मग जन्मभर टिकतं. नेमक्या याच वयात बऱ्याच शाळांत कलेचे तास कमी होतात. मुलाला पद्धत शिकवण्याची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच आपण त्याचा हात सोडतो.

या अडचणीवर एक जुना आणि हमखास उपाय आहे. कागद टेबलावर चिकटपट्टीने चारी कोपऱ्यांत चिकटवायचा. दुसरा हात समोर टेकवून ठेवायचा, मुठीत किल्ली किंवा कात्री असली तर आणखी चांगलं. पेन्सिलीचं टोक कागदावर ठेवून नजर हाताच्या कडेवर लावायची आणि मुंगी त्या कडेवरून चालतेय असं समजून तिच्या वेगाने पेन्सिल सरकवायची. कागदाकडे बघायचं नाही, पेन्सिल उचलायची नाही, पाच मिनिटं थांबायचं नाही. तयार होणारं चित्र वेडंवाकडं असतं. अंगठा भलतीकडे, नखं सुटलेली. पण त्यातल्या एखाद्या दोन इंच रेषेत, बोटाच्या पेराशी पडलेल्या सुरकुत्यांत, असा जिवंतपणा असतो की मूल स्वतःच चकित होतं. इथे सगळ्यांचीच चित्रं वेडीवाकडी येत असल्याने ‘चांगलं चित्र येणाऱ्या’ दोघांचा दबदबा त्या दिवसापुरता संपतो.

हा सराव फसतो तो तीन कारणांनी. कागद चिकटवलेला नसतो, तो सरकतो आणि मूल खाली बघतं. शिक्षक दोन मिनिटांतच थांबवतात, आणि तेवढ्यात तर मुलांचं हसूही थांबलेलं नसतं. किंवा पहिल्याच दिवशी हे चित्र भिंतीवर लावून नाव-नंबर दिले जातात, आणि पुढच्या वेळी सगळे चोरून कागदाकडे बघतात. पाच मिनिटांचा सराव महिनाभर, दर तासाच्या सुरुवातीला, कुठेही न लावता आणि गुण न देता केला, तर महिन्याच्या शेवटी कागदाकडे बघून काढलेल्या चित्रात फरक दिसतो.

वेळापत्रकाकडे वळतो, कारण चांगल्यात चांगला कलाशिक्षक तिथेच हरतो. ४० मिनिटांची तासिका धरा. मुलं खोलीत येऊन बसेपर्यंत ५ मिनिटं, साहित्य वाटायला ७, आवरायला ८. उरली २०. त्यात काय करायचं ते सांगायला ५ गेली, तर प्रत्यक्ष रंग कागदावर असतो १५ मिनिटं. आता दोन तासिका जोडा. ८० मिनिटांत येणं, वाटणं, सांगणं, आवरणं या सगळ्याला मिळून २५ मिनिटं पुरतात आणि ५५ मिनिटं कामाला राहतात. म्हणजे आठवड्याला एक सुटी तासिका देण्यापेक्षा एका आठवड्याआड जोडतास दिला, तर शाळेचा एक मिनिटही जास्त न खर्चता मुलांच्या हाती जवळजवळ दुप्पट काम लागतं. वेळापत्रक करणाऱ्यांना ही गोष्ट कागदावर आकडे मांडून दाखवली की बहुधा पटते. नुसतं ‘कलेला वेळ द्या’ म्हटलं की पटत नाही.

ज्या देशांत सक्ती नीट पाळली जाते तिथेही वेळ फार असतो असं नाही. जपानमध्ये कनिष्ठ माध्यमिक शाळेत चित्रकला आणि संगीत हे दोन्ही विषय सक्तीचे आहेत. पहिल्या वर्षी प्रत्येकी ४५ तासिका, पुढच्या दोन वर्षी प्रत्येकी ३५, आणि तासिका ५० मिनिटांची. फ्रान्समध्ये ‘कोलेज’च्या, म्हणजे माध्यमिक शाळेच्या पहिल्या टप्प्याच्या, चारही वर्षांत चित्र-शिल्पाचा एक आणि संगीताचा एक तास दर आठवड्याला असतो. हे मोजमाप थोडंच आहे, पण ते लिहिलेलं आहे आणि पाळलं जातं. भारतात २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळी दहावीपर्यंत कला सक्तीची असावी असं मांडलं गेलं, आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाने कला व विज्ञान, अभ्यास आणि अभ्यासेतर अशा भिंती नकोत म्हटलं. धोरणातलं वाक्य आणि वेळापत्रकातला चौकोन यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते भरायचं काम शाळेचं.

खोलीबद्दल फार बोललं जात नाही. कलेच्या खोलीत पाण्याचा नळ हवा, शक्यतो दोन. ३६ मुलांच्या वर्गाला एकच नळ असेल तर आवरायची ८ मिनिटं १५ होतात आणि शिक्षक रंगकाम हळूहळू सोडून पेन्सिलीवर येतो. अनेक शाळांत सातवी ते दहावी फक्त पेन्सिल आणि खडू का चालतात, याचं कारण बहुतेक वेळा नळ असतं. दुसरी गोष्ट, ओली चित्रं ठेवायची कुठे? ए-थ्री कागदाची रुंदी साधारण ३० सेंटीमीटर. ३६ कागद उभे टांगायचे तर ११ मीटर दोरी लागते. साडेपाच मीटरच्या दोन दोऱ्या डोक्याच्या वर आणि कपड्यांचे चिमटे, एवढ्यावर काम भागतं. हे नसलं की ओले कागद एकावर एक पडतात, चिकटतात, आणि मुलाचं तासाभराचं काम फाटून हातात येतं. पुढच्या वेळी ते जीव ओतून काम करत नाही, आणि त्यात त्याची चूक काहीच नसते.

साहित्याबद्दल एवढंच, की थोडं घ्यावं पण बरं घ्यावं. पोस्टर रंगांच्या चोवीस छटांऐवजी लाल, निळा, पिवळा यांच्या प्रत्येकी दोन जाती आणि भरपूर पांढरा. काळा पहिलं वर्षभर कपाटातच राहू द्यावा, म्हणजे मुलं गडद छटा मिसळून करायला शिकतात. पाण्याने रंगवायचं तर कागद २०० जीएसएमच्या (चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन) आसपासचा, नाहीतर तो होडीसारखा वाकतो. मोठ्या कागदावर बारीक ब्रश दिला की चित्र भित्रं होतं, म्हणून १० नंबरचा चपटा ब्रश आधी, ४ नंबरचा गोल शेवटी. आणि ब्रश पाण्याच्या भांड्यात केसांवर उभा ठेवू देऊ नये. एका रात्रीत त्याचं टोक कायमचं वाकतं.

एखादा प्रकल्प पूर्ण कसा बसवता येतो ते लिनोच्या, म्हणजे कोरता येणाऱ्या लिनोलियमच्या, छापावरून सांगतो. आठवी-नववीला हे माध्यम फार चांगलं लागू पडतं, कारण इथे ‘हुबेहूब’ येण्याचा दबाव नसतो आणि एकाच ठोकळ्यातून वीस छाप निघतात. ए-फाइव्ह आकाराचा, सुमारे ३ मिलिमीटर जाडीचा लिनोचा तुकडा प्रत्येकाला. चित्र मऊ पेन्सिलीने साध्या कागदावर काढायचं, कागद उलटा लिनोवर ठेवून मागून चमच्याने घासायचं. रेषा लिनोवर उलट्या उमटतात आणि छापताना पुन्हा सुलट होतात. ही पायरी गाळून थेट लिनोवर अक्षरं लिहिली की ती छापात उलटी येतात, आणि असं प्रत्येक वर्गात निदान चौघांचं होतंच.

कोरताना लिनो गार असेल तर ठिसूळ लागतो, दोन मिनिटं उन्हात किंवा उबेत ठेवला की लोण्यासारखा कापला जातो. हत्यार नेहमी अंगापासून लांबच्या दिशेने, आणि दुसरा हात हत्याराच्या मागे. लिनो पुढे सरकू नये म्हणून टेबलाच्या कडेला अडकणारी लाकडी फळी प्रत्येकाला हवी. झालेल्या जखमा जवळजवळ सगळ्या एकाच प्रकारच्या असतात: दुसऱ्या हाताने लिनो पुढून धरलेला असतो आणि हत्यार सटकतं. एक-दीड मिलिमीटर खोल पुरे, खाली तागाचं कापड दिसायला लागलं की थांबायचं. ३६ मुलांना एकदम हत्यारं देऊ नयेत. बारा-बाराचे तीन गट करावेत, एक आखणीवर, एक कोरण्यावर, एक छापण्यावर, आणि शिक्षकाने कोरणाऱ्यांच्या टेबलाशीच उभं राहावं.

शाई काचेवर रोलरच्या रुंदीएवढी एक पट्टी काढून पसरायची. ती योग्य पातळ झाली की रोलरचा चिकट, सरसर असा आवाज येतो. नुसतं चपचप ऐकू आलं तर शाई जास्त आहे. मग रोलर लिनोवर फिरवायचा आणि वर कागद ठेवून मागून घासायचं. शाई जास्त झाली तर बारीक रेषा बुजतात, कमी झाली किंवा दाब अपुरा पडला तर छाप ठिपक्याठिपक्यांचा येतो, आणि घासताना कागद हलला तर दुहेरी कडा दिसते. मुलांना हे तीन दोष नावानिशी ओळखता आले की ती स्वतःचा छाप पाहून पुढचा सुधारतात, कुणाला विचारत बसत नाहीत. असे चार जोडतास लागतात. चौथ्या तासाला वर्गात जी गडबड असते ती कामाची गडबड असते, आणि कलेचा तास म्हणजे दंगा असं समजणाऱ्यांनी ती एकदा दारात उभं राहून ऐकावी.

संगीताच्या तासाला या वयाची अडचण वेगळी. मुलांचे आवाज फुटतात. कालपर्यंत वरच्या पट्टीत सहज गाणारा मुलगा आज मध्येच चिरकतो, वर्ग हसतो, आणि तो तोंड मिटतो. या काळात आवाजाचा सोयीचा पल्ला आकसून मधल्या पाच-सहा स्वरांवर येतो. वरची पट्टी झेपत नाही, आणि पुरुषांची खालची अजून आलेली नसते. मुलींची पट्टी धरून सगळ्यांना एकत्र गायला लावणं ही सर्वांत सर्रास चूक. उपाय साधा आहे. दर दोन महिन्यांनी प्रत्येकाचा आवाज अर्धा मिनिट एकटा, वर्गासमोर नव्हे, ऐकायचा आणि कुठले स्वर आरामात लागतात ते लिहून ठेवायचं. मग गाण्याला तीन-चार स्वरांची एक आडवी ओळ बांधायची, किंवा आधाराचा ‘सा’ धरायला द्यायचा, किंवा हात-पायांनी ताल. आवाज फुटणं हे घशातल्या स्नायूंचं आणि स्वरतंतूंच्या लांबीचं काम आहे, त्यात गाणं येण्या-न येण्याचा संबंध नाही, एवढं आधीच सांगितलं तरी अर्धी भीती जाते. मुलींचाही आवाज याच वयात बदलतो, जरा दबका आणि हवेशीर होतो. तिकडे कुणाचं लक्षच नसतं.

करण्याइतकंच बघायलाही शिकवावं लागतं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात शिक्षणविभाग सांभाळलेले फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउझन यांनी त्यासाठी तीन प्रश्नांची पद्धत घडवली: या चित्रात काय चाललंय? असं म्हणावंसं वाटावं असं तुला काय दिसलं? आणखी काय सापडतंय? शिक्षकाने उत्तर देणाऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं, चित्रात त्या जागी बोट दाखवायचं, दोघांच्या म्हणण्यातला दुवा जोडायचा, आणि शाबासकी किंवा दुरुस्ती दोन्ही टाळायची. एका चित्राला पंधरा-वीस मिनिटं. दुसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा, कारण मत मांडणारा त्यासाठी पुरावा शोधू लागतो. आणि ही पद्धत मोडते ती शिक्षकाच्या उतावीळपणाने. पाचव्या मिनिटाला चित्रकाराचं नाव, साल, शैली सांगून टाकली की वर्ग वह्या उघडतो आणि डोळे मिटतो. माहिती द्यावीच, पण मुलांनी बघून झाल्यावर. माझ्या मते तीन प्रश्नांवरच थांबणंही अपुरं आहे. चित्र कधीचं, कुणासाठी काढलं, कुठे टांगलेलं होतं, याशिवाय संस्कृतीचं शिक्षण अर्धवट राहतं.

शिक्षक कोण, या प्रश्नावर दक्षिण आफ्रिकेचा अनुभव बोलका आहे. वर्णभेदाची राजवट संपल्यावर आलेल्या नव्या अभ्यासक्रमात ‘कला आणि संस्कृती’ हे आठ सक्तीच्या क्षेत्रांपैकी एक होतं. त्यात नृत्य, नाट्य, संगीत, दृश्यकला हे चारही यायचं, आणि बऱ्याच शाळांत ते एकाच शिक्षकाने शिकवायचं होतं. सतार शिकलेल्या माणसाला मातीकाम आणि नृत्यही शिकवायला लावावं तसंच ते. पुढे सातवी ते नववीसाठी नियम बदलला. शाळेने चारपैकी दोन कला निवडाव्यात, आठवड्याला दोन तास. हे जास्त शहाणपणाचं आहे. शाळेत जो शिक्षक आहे त्याची कला आधी धरावी आणि दुसरी भेटीला येणाऱ्या कलावंताकडून करून घ्यावी. फक्त त्या पाहुण्या कलावंताला वर्गात एकटं सोडू नये. त्याला कला येते, तेरा वर्षांच्या छत्तीस जणांना तासभर धरून ठेवणं येतंच असं नाही.

गुणांचं काय? सक्ती आली की गुण आलेच, आणि तिथे बहुतेक योजना घसरतात. पूर्ण झालेल्या चित्राला गुण द्यायचे ठरले की ते घरी पूर्ण होतं, म्हणजे आई, ताई किंवा आता फोन ते पूर्ण करतो. म्हणून पहिला नियम, वर्गातलं काम वर्गातच राहील. दुसरा, गुण वहीला. प्रत्येक पानावर तारीख, फसलेली पानंही फाडायची नाहीत, आणि प्रत्येक प्रकल्पात निदान तीन वेगवेगळे कच्चे आराखडे दिसले पाहिजेत. बघायच्या गोष्टी चार: किती पर्याय शोधले, माध्यमावर हात किती बसला, काम बिघडल्यावर काय बदललं, आणि दुसऱ्याच्या कामाबद्दल काय नेमकं लिहिलं. टापटिपीला वेगळे गुण नकोत. टापटीप पाहून गुण दिले की मुलं जोखीम घेणं थांबवतात. याशिवाय प्रत्येकाशी वर्षातून दोनदा तीन मिनिटं बोलणं, वही समोर ठेवून. ३६ मुलांना दर खेपेला १०८ मिनिटं लागतात, म्हणजे बाकी वर्ग कामात असताना दोन जोडतासांत हे आटोपतं.

नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकाच्या शेवटी वरच्या माध्यमिक वर्गांना कला-संस्कृतीचा एक विषय सक्तीचा झाला. त्याची देशव्यापी अंतिम परीक्षा नाही. शाळाच मूल्यमापन करते. मुलांनी नाटकाला, मैफलीला, प्रदर्शनाला प्रत्यक्ष जायचं, आणि अनुभवांचं टिपण ठेवायचं. त्याची सुरुवात मला फार आवडते. विद्यार्थी आधी स्वतःचं सांस्कृतिक आत्मचरित्र लिहितो: घरी काय ऐकलं जातं, काय बघितलं जातं, काय अजून कधीच बघितलेलं नाही. तिथून निघून तो ओळखीच्या बाहेरच्या गोष्टीकडे जातो, मग एखाद्या प्रश्नाचा खोलवर शोध घेतो. ज्याच्या घरी फक्त सिनेमाची गाणी लागतात त्याचं आत्मचरित्र अशा वहीत कमी दर्जाचं ठरत नाही, तो प्रस्थानबिंदू ठरतो. अशा योजनेत एक धोका आहे, तोही सांगायला हवा. ‘नाटक छान होतं, सगळ्यांनी चांगलं काम केलं’ अशी टिपणं ढिगाने जमतात. ती टाळायची तर जाण्याआधी एकच बारीक काम द्यावं: एका पात्राच्या फक्त हातांकडे लक्ष ठेव, किंवा प्रकाश कितीदा आणि कधी बदलला ते लिही. परतल्यावर त्याच एका गोष्टीवर अर्धं पान.

नववीनंतर निवड जरूर द्यावी. चित्र, संगीत, नाट्य, नृत्य, हस्तकला यांतलं एक काहीतरी घ्या, एकही नको असं मात्र नको. इंग्लंडमध्ये २०१० पासून शाळांची कामगिरी मोजताना ज्या विषयांचा संच धरला गेला त्यात कला नव्हती. नंतरच्या वर्षांत कलाविषय घेणाऱ्यांचं प्रमाण घसरलं. कुणी बंदी घातली नव्हती, फक्त शाळेला त्याचा हिशेब द्यावा लागत नव्हता.

म्हणून पालकांना एक सुचवतो. प्रगतिपुस्तकातली कलेची श्रेणी बघून समाधान मानू नका, मुलाची कलेची वही मागून घ्या आणि तारखा बघा. वार्षिक परीक्षेच्या आधीच्या दोन महिन्यांतली एकही तारीख तिच्यात नसेल, तर ते तास कोणत्या विषयाला दिले हे मुख्याध्यापकांना विचारा, आणि पुढच्या वर्षीचं वेळापत्रक होण्याआधी विचारा.